बारशाला निघालेला वरवंटा

मित्रांनो, मी एक जुना वरवंटा आहे. माझा पाटा लोणावळ्याजवळ वलवणला आहे आणि मी सातासमुद्रापलीकडे. पाट्यावाचून वरवंटा काय कामाचा, असं तुम्हाला वाटेल. मलाही तसंच वाटायचं.

माझा जन्म जवळच्याच बेडसे गावचा. तिथला दगड काळा आणि चिवट. पाथरवटाने मला आणि पाट्याला एकाच धोंड्यातून काढलं. रजनीताई लग्न होऊन वलवणला आल्या, तेव्हा त्यांनी आम्हाला बाजारातून घरी आणलं. पाटा त्यांचे यजमान अनंतराव यांच्या खांद्यावर होता आणि मी ताईंच्या पिशवीत. "लोक संसाराला भांडी घेतात, हिने दगड घेतले," असं अनंतराव पुढे कितीतरी वर्षं सांगत राहिले. ताई म्हणायच्या, "दगड आहेत म्हणून टिकलेत. तुमची भांडी असती तर एव्हाना मोडीत गेली असती."

ताईंनी आम्हाला भरपूर काम दिलं. लसूण, खोबरं, भाजलेला कांदा, तीळ. अनंतराव कामावरून आले की पाट्यावरचं वाटण बोटाने चाखायचे आणि ताई त्यांच्या हातावर चापट मारायच्या. आम्ही गुळगुळीत झालो की टाकीवाली बाई येऊन टाकी लावून जायची. मग पुन्हा खरखरीत.

पुढे घरात मिक्सर आला. आमची जागा ओट्याखाली गेली. वारा सुटला की दार आपटू नये म्हणून मला दाराशी ठेवत. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण एक मान मिक्सरला कधी मिळाला नाही. आपल्याकडे बारशाला पाळण्यात बाळाच्या आधी वरवंटा घालतात. त्याला कुंची घालतात, कुंकू लावतात आणि बायका त्याला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातांत देतात. दगडासारखं टणक राहा, असा त्या बाळाला आशीर्वाद असतो. आमच्या आळीतल्या बहुतेक पोरांच्या आधी मी पाळण्यात निजलो आहे. ताईंच्या लेकीच्या, अनुष्काच्या आधीही मीच.

अनुष्का मोठी झाली, तळेगावच्या रुचिरशी तिचं लग्न झालं आणि दोघं नोकरीसाठी परदेशी गेली. गेल्या वर्षी रजनीताई वारल्या. थोड्याच महिन्यांत अनुष्काला दिवस गेल्याचं कळलं. अनंतरावांना वाटण वाटता येत नव्हतं, तरी ते रोज सकाळी पाटा आणि मला धुऊन पुसून ठेवत. कुणी काही विचारलं तर म्हणत, "बारशाला न्यायचंय. हिने कबूल केलं होतं लेकीला."

आणि तेवढ्यात आपला देश आणि अनुष्का राहते तो देश भांडले.

मित्रांनो, व्हिसा म्हणजे परक्या देशाने 'या' म्हटल्याचा शिक्का. त्या देशाने इकडच्या लोकांसाठी नियम कडक केले. मग आपल्या देशाने त्यांच्या लोकांसाठी केले. मग त्यांनी आणखी. शेवटी दोघांनीही शिक्का देणं बंद केलं. अनंतरावांचा अर्ज तसाच पडून राहिला. रुचिरच्या बहिणीचाही. ती आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान तिचा! अनुष्काने इकडे यावं, तर परत आत घेतील याची खात्री नव्हती.

वाडीवरची मंगल अनंतरावांकडे स्वयंपाकाला येते. ती टीव्हीकडे बघून म्हणाली, "भांडान त्या दोगांचं आन दार आमच्या आबांच्या तोंडावर! ह्यो कुटला न्याय?"

मुलगी झाली. बारावा दिवस आला आणि गेला. फोनवर अनुष्का रडत म्हणाली, "बाबा, तुम्ही आल्याशिवाय मी नाव ठेवणार नाही."

"येतोच," अनंतराव म्हणायचे. पण महिना उलटला तरी दार उघडेना. बाळ नुसतं 'बाळ' राहिलं. आपल्यापायी नातीचं नाव अडलंय, हे अनंतरावांना खाऊ लागलं.

एके दिवशी सुश्रुत भेटायला आला. तो रुचिरचा मित्र, सुट्टी संपवून तिकडे परत निघालेला. त्याला त्या देशात कायम राहण्याची परवानगी आधीच मिळालेली, म्हणून त्याला येण्याजाण्याला अडचण नव्हती. तो म्हणाला, "काका, काही द्यायचं असेल तर द्या. चिक्की, मसाले..."

अनंतरावांनी मला त्याच्यापुढे ठेवलं.

"हा दगड?" सुश्रुतने मला उचललं आणि हात खाली गेला. "अहो काका, विमानतळावर विचारतील, कुणाला मारायला निघालास?"

"सांग, बारशाला निघालोय."

मंगल पोळपाट सोडून बाहेर आली. "आबा, पाटा हितं आन वरवंटा तितं? जोडी फोडू न्हाई. लय वाईट असतं."

अनंतरावांनी पाट्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "फुटत नाही गं. एक लांब गेलं म्हणून जोडी फुटत नाही. मी बघतोय ना."

मंगलने पदर डोळ्यांना लावला आणि जुन्या धोतराच्या फडक्यात मला स्वतःच गुंडाळलं. सुश्रुतने माझ्यासाठी आपले बूट आणि आईने दिलेली लोणच्याची बरणी बॅगेतून काढली. लोणचं अनंतरावांकडे राहिलं. या मुलाचे उपकार मी विसरणार नाही.

तिकडच्या विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला बाहेर काढलं, उलटसुलट केलं. सुश्रुतने पाळणा झुलवल्यासारखे हात करून दाखवले. अधिकारी हसला आणि त्याने मला परत फडक्यात नीट गुंडाळलं. माझ्याकडे कुणी शिक्का मागितला नाही.

मला हातात घेऊन अनुष्काने बारसं करायचं कबूल केलं. बारशाच्या दिवशी पाळणा होता, बाळ होतं, मी होतो. पण घ्यायला-द्यायला दुसरी बाई नव्हती. तेव्हा शेजारच्या मार्टाबाई आल्या. त्या त्याच देशाच्या, केस पांढरे झालेल्या. येताना गाजराचा केक घेऊन आल्या. अनुष्काने त्यांना सगळं समजावलं. त्यांनी मला दोन्ही हातांनी घेतलं, बाळाची मान धरावी तसा माझ्या डोक्याखाली हात ठेवला. मित्रांनो, दगडाची मान कुणी अशी सांभाळली नव्हती.

फोनवर वलवणहून मंगलने पाळणा म्हटला. मार्टाबाईंनी मला पाळण्याखालून अनुष्काकडे दिलं. अनुष्काने वरून परत दिलं. "घ्या" म्हणायचं, एवढं त्या शिकल्या होत्या. दर वेळी जोरात म्हणायच्या आणि मंगल तिकडून ओरडायची, "आगं, मावशीला तर सगळं येतंय की!"

मग बाळाला माझ्या शेजारी निजवलं. नाव सांगायची वेळ आली. अनुष्का मार्टाबाईंना म्हणाली, "आत्याच्या जागी तुम्ही सांगा."

त्यांनी नको म्हणून मान हलवली. टेबलावरचा फोन घेतला आणि बाळाच्या कानाशी नेऊन धरला.

तिकडे अनंतरावांनी मंगलकडून फोन घेतला. मग अगदी हळू आवाज आला, "ओवी. तुझं नाव ओवी. मी तुझा आजोबा बोलतोय."

बाळाने आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं.

दार अजून उघडलेलं नाही. अनंतरावांचा अर्ज अजून तिथेच आहे. तोवर अनुष्का मला फळीवर घेऊन लसूण ठेचते आणि फोनवर वडिलांना तो आवाज ऐकवते. मी सुखात आहे. ज्यांनी ज्यांनी मला हातांत घेतलं, त्या सगळ्यांचा मी ऋणी आहे.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती आहे. घरातल्या जुन्या वस्तू जपा, त्या जपतच असाल. पण तुमच्या शेजारी एखादं परक्या मुलखातलं कुटुंब राहत असेल आणि त्यांच्या कार्याला त्यांची माणसं येऊ शकत नसतील, तर न बोलावता जा. रीत माहीत नसली तरी चालेल. फक्त दोन्ही हात रिकामे ठेवा. ते काय द्यायचं ते तुमच्या हातांत देतील.