माझे तांबडे चौकोन

सोमवारी सकाळी मनांग नेनिंग रंगीत पेन्सिलींचा डबा घेऊन बसायची आणि ऑफिसातल्या सगळ्या वकिलांच्या कार्डांवर अख्खा आठवडा हिरवा करून टाकायची. पंचवीस वर्षं ती आमची सेक्रेटरी आहे, सगळ्यांची मनांग, म्हणजे थोरली ताई. कोण वकील कधी जेवतो, कुणाच्या पोटात कोर्टाच्या पायरीवर कळ येते, हे तिला त्यांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक.

ही कार्डं आणली अटर्नी व्हिल्याफ्लोर मॅडमनी. त्या ऑफिसच्या थोरल्या भागीदार. मनिलाला तीन दिवसांचं कसलंसं शिबिर करून इलोइलोला परतल्या आणि आल्या आल्या भिंतीवर फलक लावला : ‘शरीर हे वकिलाचं पहिलं अशील’. मग प्रत्येकाला एक कार्ड. दर दोन तासांना एक चौकोन. अंगात जोर असला तर हिरवा, ओसरत असला तर पिवळा, संपला असला तर तांबडा. शुक्रवारी कार्ड मॅडमच्या टेबलावर, आणि त्याच दिवशी चार वाजता सभागृहात सगळ्यांनी मिळून नाचायचं. नाच सक्तीचा.

“तुमचंही भरून टाकू का, अटर्नी?” मनांगने मला विचारलं.

“नको, मी भरीन.”

“मग हिरवं भरा.”

“खरं काय ते लिहा म्हटलंय ना?”

साप धरायला निघालेल्या पोराकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. “साक्षीदारांना तुम्हीच सांगता ना, विचारलं तेवढंच बोला म्हणून?”

सांगते. दोन वर्षं तेच सांगत आलेय. तरीही मी खरं भरलं. माझी मायुमी पाच महिन्यांची. रात्रीतून तीनदा उठते, आणि ती उठत नाही तेव्हा मी उठते, तिचा श्वास चालू आहे ना ते बघायला. एकदा तर ती रडत असतानाही बघितला. नवरा जहाजावर, तो कुठल्या समुद्रात आहे ते फोनवर बघायचं, मग तिथलं हवामान बघायचं, मग झोप गेलीच. आई शेवग्याचा पाला घालून लास्वा, म्हणजे भाज्यांचं पातळ सार, करते, वाटी हातात देते आणि मी ती संपवेपर्यंत समोर उभी राहते, दूध आटू नये म्हणून. मला वाटलं, एवढे तांबडे चौकोन बघून कुणीतरी म्हणेल, हिला सातनंतर फोन करू नका. एवढंच मला पाहिजे होतं.

पुढच्या सोमवारी मॅडमनी बोलावलं.

“बस, इन्डाय.” घरच्या पोरीला हाक मारावी तसं इन्डाय म्हणाल्या, आणि आवाज इतका मऊ की मी घाबरलेच. “तेवीस तांबडे. मी मोजले. मला तुझी काळजी वाटते ग.”

“थँक यू, मॅडम.”

“म्हणून तबांगचं प्रकरण मी डोंडीला देतेय. गुरुवारची उलटतपासणी तोच घेईल. तू विश्रांती घे.”

लोला, म्हणजे आजी, पसिता तबांग ही सत्तर पार केलेली बाई. ओतोन गावातली तिची आणि तिच्या भावाची जमीन कुणीतरी परस्पर विकली, आणि खरेदीखतावर भावाची सही भाऊ वारल्यानंतर तीन महिन्यांची. गुरुवारी पिंजऱ्यात यायचा होता तो नोटरी, ज्याने त्या सहीवर शिक्का मारला. त्या माणसाची जुनी नोंदवही मिळवायला मला आठ महिने लागले होते. पोट पुढे घेऊन दप्तरखान्याच्या तीन मजल्यांच्या पायऱ्या चढले होते मी.

“मॅडम, कमी करायचंच तर दुसरं काही करा. रात्रीचे फोन. उद्या सकाळी पाहिजे म्हणून संध्याकाळी सांगितलेली टिपणं. शुक्रवारचा नाच.”

“ती तर किरकोळ कामं. त्यांनी कोण दमतं? दमवतं ते कोर्ट.”

“कोर्टात मी दमत नाही. कार्ड बघा ना. बुधवारी कोर्ट होतं. सकाळचे दोन्ही चौकोन हिरवे आहेत. आठवड्यात तेवढेच हिरवे आहेत.”

मॅडमनी चष्मा लावून खरंच बघितलं. “दोन हिरव्यांसाठी तेवीस तांबड्यांकडे डोळेझाक करू?” त्या म्हणाल्या. “उद्या तुला काही झालं तर तुझ्या आईला काय तोंड दाखवू?”

कुणी छळलं तर भांडता येतं. माया करणाऱ्याशी कसं भांडायचं, हे कुठल्याच कॉलेजात शिकवलं नाही.

फाइल घेऊन माझ्या सहकारी वकिलाच्या, डोंडीच्या, खोलीत गेले. खुर्ची रिकामी. डोंडी टेबलामागे जमिनीवर उताणा, पाय खुर्चीवर, छातीवर नोंदीचा कागद.

“दार लाव,” तो म्हणाला. “पाठ गेलीय. तीन आठवडे झाले.”

“तुझं कार्ड तर हिरवंगार होतं.”

“मनांगने भरलं. मी सही केली.”

“न वाचता?”

“कार्ड काय वाचायचं?”

“न वाचता सही करतोस, आणि त्या नोटरीला जाब विचारायला निघालायस.”

तो हसला, आणि हसल्यामुळे कळ आली म्हणून शिवी दिली. “मॅडमला सांगू नकोस, अटर्नी. डिसेंबरात भागीदारीसाठी माझं नाव आहे. आणि खरं सांगू का, दोन तास उभं राहणं मला जमायचं नाही.”

मी सांगू शकले असते. मॅडमच्या दारापर्यंत गेलेही होते. फाइल माझी होती, नोंदवही माझी होती, आणि एका वाक्यात सगळं परत मिळालं असतं. पण मग तो घरी बसला असता, खोटे हिरवे चौकोन भरले तर असं होतं म्हणून सगळ्या ऑफिसपुढे त्याचा दाखला दिला असता, आणि माझ्या तांबड्यांना लावला तोच न्याय त्याच्या पाठीलाही लागला असता. मी परत फिरले.

“तू फक्त उभा राहून नाव सांग,” मी त्याला म्हटलं. “मग बस. पुढचं मी बघते.”

गुरुवारी डोंडी टेबल धरून उठला, आम्ही दोघंही लोला पसिताचे वकील आहोत असं न्यायाधीशांना सांगितलं, उलटतपासणी माझी सहकारी घेईल म्हणाला आणि गुडघे दुखणाऱ्या मावशीबाई बसतात तसा हळूहळू खाली बसला.

“सही करणारा माणूस तुमच्यासमोर आला होता?” मी नोटरीला विचारलं.

“आलाच असणार.”

“तुमच्या नोंदवहीप्रमाणे त्या दिवशी एकेचाळीस माणसं आली.”

“गर्दीचा दिवस असेल.”

“त्यातली एकोणीस तुमच्या ऑफिसात आणि बावीस दुसऱ्या गावात. सगळी सकाळीच. मधल्या नदीवरचा पूल तेव्हा पडलेला होता. तुम्ही कसे गेलात?”

त्याने पाणी मागितलं. मग मी भावाच्या मृत्यूचा दाखला पुढे केला. दोन तास उभी होते. दुधाने आतली पट्टी भिजली, कोटाचं बटण लावलं, पुढचा प्रश्न विचारला. पाय दुखल्याचं आठवत नाही. घरी मायुमी काय करत असेल, हा विचार त्या दोन तासांत एकदाही आला नाही, आणि बाहेर पडल्यावर त्याचीच धास्ती वाटली.

ऑफिसात पोहोचेपर्यंत बातमी पुढे गेलेली. मॅडम रागावतील म्हणून मी उत्तर घोकत होते. त्यांनी सगळ्यांसाठी बाचोय, शेवयांचं गरम सूप, मागवलं होतं.

“बघितलंत?” त्या सगळ्यांना म्हणाल्या. “तीन दिवस हिचं ओझं काढून घेतलं, तर पोरगी कशी उभी राहिली. मनिलाच्या पुढच्या शिबिरात मी हिचंच उदाहरण देणार आहे.”

त्या तीन दिवसांत माझ्याकडून दोन टिपणं लिहून घेतली होती. डोंडी भिंतीला टेकून उभ्यानेच खात होता. मी तोंडात शेवया भरल्या. तोंड रिकामं असतं तर जे बोलले असते ते वकिलाला शोभलं नसतं.

“आता पुढच्या तारखांना डोंडीच,” मॅडम म्हणाल्या. “हिला पुन्हा दमवायचं नाही.”

लोला पसिता कोपऱ्यात बसली होती. तिने चमचा खाली ठेवला. “माझी जमीन, माझा भाऊ. वकील बदलला ते मला कुणी विचारलं?”

“हिच्या तब्येतीसाठी, लोला.”

“त्या पोराला धड बसता येत नाही. मी कोर्टात बघत होते. मला ही पाहिजे. आणि तब्येतीचंच म्हणाल तर हिला पाच वाजता घरी पाठवत जा. तान्ही आहे घरात.”

अशिलाने वकील निवडायचा असतो, हे मॅडमनीच आम्हाला शिकवलेलं.

“ठीक आहे, लोला,” त्या म्हणाल्या. “प्रकरण हिच्याकडे. पाचचं बघू.”

हा ‘बघू’ मी ओळखते. आमच्या धंद्यात ‘बघू’वर माणसं म्हातारी होतात.

“मॅडम,” मी म्हटलं, “तारीख द्या.”

“कसली?”

“पाचचं बघायची. कुठल्या दिवशी बघायचं?”

त्यांनी वाडगा खाली ठेवला.

“सोमवार,” त्या म्हणाल्या. “सकाळी नऊ.”

मनांगने लगेच तारखांची वही उघडली आणि पेनाने लिहून घेतलं.