म्हाळसाचं वाढलेलं वजन

"ताई, घोंगड्यासकट पोर जोखू नका," शेवंताबाई म्हणाल्या होत्या. "लोकर लई जड असती. जोखायचंच आसंल तर घोंगडं येगळं जोखा आन् मंग वजा करा."

मी "हो, हो" म्हटलं आणि केलं माझंच. शेवंताबाई खुटबावच्या एका वस्तीवरच्या अंगणवाडीसेविका, सातवी पास. मी पुण्याची पदविकाधारक. संस्था व्यवस्थापनाचा वर्षाचा कोर्स, त्यात ध्येय आणि उद्दिष्ट यांतला फरक यावर चार तास झाले होते. मूल कसं जोखायचं यावर एकही तास झाला नव्हता.

आमच्या बॅचचे तिघं एकाच संस्थेत लागलो होतो: मी, हनुमंत आणि स्वप्नाली. दौंड तालुक्यातली लहान मुलं खंगू नयेत, हा प्रकल्प. हनुमंत बोलायचा, स्वप्नाली तक्ते करायची आणि मी लिहायची. पोरं जोखायची वेळ आली की तिघंही एकमेकांकडे बघायचो.

तो नव्याण्णवचा डिसेंबर होता. म्हाळसा दीड वर्षाची. एप्रिलात ती पाच किलो भरली होती, म्हणजे तिसरी श्रेणी, म्हणजे वाईट. अशा पोरांना अंगणवाडीतून दुप्पट आहार मिळायचा. आठ महिन्यांनी तिला पुन्हा जोखायला आम्ही गेलो, तर सोबत दिल्लीचे पाहुणे. त्यांना पुढे भुलेश्वर बघायचं होतं, त्यामुळे जीप चालूच ठेवलेली. म्हाळसाची आई खुरपायला गेलेली, आजी तुळजाबाई दारात पोरीला घोंगड्यात गुंडाळून बसलेली.

"घोंगडं काढा आजी, वजन करायचंय."

"एवढ्या थंडीचं उघडं करू? आन् उघडं पोर काट्याला टांगलं की दिष्ट लागती. टांगायचंच तर हाय तसं टांगा."

शेवंताबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं ते तेव्हाच. पोरगी झोपलेली. सोडायची, घोंगडं जोखायचं, पुन्हा गुंडाळायची, ती रडणार, पाहुणे घड्याळ बघणार. काटा आठ किलो चारशेवर थांबला.

"अर्धा किलो घोंगड्याचं धर," हनुमंत म्हणाला. "अर्धा म्हणजे भरपूर झालं."

हनुमंत शिक्रापूरच्या हेडमास्तरांचा मुलगा. घोंगडं त्याने हारतुऱ्याच्या कार्यक्रमात खांद्यावर घेतलं असेल तेवढंच. पण मीही बागायतदाराच्या घरातली, मला तरी काय ठाऊक? मी सात किलो नऊशे लिहिलं. पोरगी तिसऱ्या श्रेणीतून एकदम पहिल्या श्रेणीत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. तुळजाबाई टाळ्यांकडे बघत म्हणाली, "पोरीनं केलं तरी काय?"

त्यावर मी यशोगाथा लिहिली. जी पोरगी तेव्हा धड उभीही राहत नव्हती, तिच्या गोष्टीला मी 'म्हाळसाची झेप' असं नाव दिलं. संस्थेत ती सगळ्यांना आवडली. पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं, मी नोकरी सोडली. निरोपाला तुळजाबाईने तेच घोंगडं माझ्या हातात ठेवलं. "ह्येच्यात पोरगी वाढली म्हणत्यात समदी. तुमच्या लेकराला होईल."

आता मी तळेगाव ढमढेऱ्यात असते. माझा स्वराज सात महिन्यांचा आहे. मी त्याला दर सोमवारी जोखते. तसाच ताणकाटा मी पुण्याहून आणवला आणि पडवीच्या आढ्याला टांगला. शिंक आली तरी जोखते, दूध कमी प्यायला तरी जोखते. सासूबाई एकदा म्हणाल्या, "त्यापरीस डेअरीवर नेऊन घाल त्याला. फॅट बी कळंल." माझे मिस्टर हसले. मी तक्त्यावर टिंब दिलं.

या जानेवारीत आमच्या कोर्सचं बातमीपत्र आलं. वर्षातून एकदा येतं. कोण कुठे पोचलं, कुणी काय मिळवलं. वाचून झालं की दोन दिवस स्वयंपाकात मन लागत नाही. या वेळी मुखपृष्ठावर घोंगड्यातली म्हाळसा. आत स्वप्नाली: आता राज्य समन्वयक, 'म्हाळसा पद्धती' अकरा जिल्ह्यांत नेली. हनुमंत: आता दिल्लीत कार्यक्रम अधिकारी, म्हाळसावरचा निबंध बँकॉकला वाचला. आमच्या सरांना कुठल्याशा फाउंडेशनचा सन्मान, भाषणात म्हाळसा. शेवटच्या पानावर माझीही ओळ होती: 'सविता सध्या मातृत्वाचा आनंद घेत आहे.'

म्हणजे एकाच पोरीच्या खांद्यावर तीन माणसं वर चढली आणि मी आनंद घेत राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला हेवाच वाटला. दुसरं काहीही वाटलं नाही.

तो सोमवार होता. थंडी होती. स्वराज त्याच घोंगड्यात झोपला होता, आणि वाटलं, उठवायचं कशाला, तसाच टांगावा. काटा साडेनऊवर गेला. आठवड्यापूर्वी सात किलो शंभर भरलं होतं. मी पोराला पलंगावर ठेवलं आणि नुसतं घोंगडं टांगलं.

दोन किलो चारशे.

तक्त्याच्या कोपऱ्यात मी दोन आकडे एकाखाली एक मांडले. वजाबाकीला पदविका लागत नाही. आठ चारशेतून दोन चारशे गेले की सहा. दीड वर्षाच्या पोरीला सहा किलो म्हणजे तिसरीच श्रेणी. ती कुठेही गेली नव्हती. आणि मी तिला पहिल्या श्रेणीत लिहिल्यामुळे दुसऱ्या महिन्यापासून तिचा दुप्पट आहार बंद झाला होता.

हनुमंतला दिल्लीला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं. तो ऐकतो चांगलं, तेही शिकवलं होतं.

"सविता, तो आकडा छापून झालाय गं. आता कसा बदलणार?"

"आकड्याचं नाही विचारत. पोरगी कशी आहे?"

"कुठली?"

"म्हाळसा. जिच्यावर तू बँकॉकला गेलास."

"अगं, तिच्यावर म्हणजे, पद्धतीवर."

स्वप्नाली जास्त मोकळी निघाली. "प्रकल्प दोन हजार एकला संपला. ती आमच्या यादीतून यशस्वीरीत्या बाहेर पडलीय. बाहेर पडलेल्यांना भेटायला प्रवासखर्चात कलमच नाही. तू आहेस ना तिकडेच? जाऊन ये की."

गेले. स्वराजला काखेत घेतलं, न्हावऱ्यापर्यंत जीप, पुढे चौफुल्याला एसटी. वाटेत त्याचं अंग गरम आहे का ते दर दहा मिनिटांनी बघत होते, आणि दर वेळी मनात यायचं की म्हाळसाच्या आजीच्या दारात आपण एकदाही पोरीच्या अंगाला हात लावला नव्हता.

वस्तीवर तुळजाबाईच्या दाराला कुलूप. शेवंताबाई अंगणवाडीत होत्या. मला बघून त्यांनी आधी स्वराजच्या दंडाला चिमटीत धरून पाहिलं. काटा नाही, काही नाही.

"ब्येस हाय," म्हणाल्या.

मी घोंगड्याचं सांगितलं. त्यांना नवल वाटलं नाही.

"मला ठावं होतं. मी आवंदा न्हाई, तवाच सांगितलं होतं."

"मग तुम्ही दुप्पट आहार चालू का नाही ठेवलात?"

"तुमचा कागद आला ना, पोरगी पयल्या नंबरात गेली म्हून. सही शिक्का. मी सातवी पास. तरी चार महिनं माझ्या घरचं दूध दिलं. मंग म्हस आटली."

"आता कुठं आहेत ती माणसं?"

"गेली. दीड वरीस झालं. पोरीच्या बापानं, जालिंदरनं, मेंढरं इकली, नदीपल्याड मांडवगणाकडं कुणाच्या रानात सालानं गडी राह्यला. म्हातारी बी गेली संगं."

"पोरगी चालायला लागली होती?"

शेवंताबाई खिचडीच्या पातेल्यावर झाकण ठेवायला उठल्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "जाताना आईच्या काखंतच होती. खोकत होती जरा."

तेव्हा म्हाळसा तीन वर्षांची होती.

पुढच्या आठवड्यात मी मांडवगण फराट्याला दोनदा जाऊन आले. गाव मोठं, रानं नदीकाठापर्यंत पसरलेली, सगळीकडे माणसाएवढा ऊस. स्टँडवर एकाने इनामदारांच्या मळ्यात बघा म्हटलं, तिथल्यांनी खालच्या वस्तीवर पाठवलं, खालच्या वस्तीवरची बाई म्हणाली, "होतं एक धनगराचं बिऱ्हाड. पाडव्याला साल सुटलं त्यांचं. लांब गेली नसतील, हिकडंच कुठंतरी." बारीकशी पोरगी होती का, विचारलं. "पोरं तर समद्यांनाच असत्यात की ओ." दुसऱ्या खेपेला स्वराजला खरंच ताप भरला. आता तो बरा होईपर्यंत सासूबाई उंबरा ओलांडू देत नाहीत, आणि त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही.

मी बातमीपत्राला माझी सुधारलेली ओळ पाठवली: 'सविताने एक घोंगडं जोखलं. ते दोन किलो चारशे भरलं. म्हाळसा बरी झाली नव्हती.' संपादकांचं कार्ड आलं. आपल्या भावना पोचल्या, परंतु या सदरात कारकिर्दीतील प्रगतीच छापली जाते, शुभेच्छा. म्हणून आता हे इथे, आपल्या भागातल्या साप्ताहिकात, लिहिते आहे. हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे तरी शिरूर-दौंडकडचे असतील, कुणी साखर कारखान्याचे, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या घेऊन रानोरान फिरणारे स्लिपबॉय, कुणी शिक्षक, कुणाचं रान मांडवगणात.

तर ऐका. म्हाळसा जालिंदर कोकरे. वय आता साडेचार. आजी तुळजाबाई, डाव्या गालावर गोंदण. कुणाच्या मळ्यात असं बिऱ्हाड असेल तर त्यांच्याकडे जा. गेल्याबरोबर फोटो काढू नका. आजीशी बोलत बसा, चहा घ्या, आणि पोरगी उठून पाण्याचा तांब्या आणते का ते बघा. खोकते का ते विचारा. खोकत असेल तर त्याच दिवशी तिला आईसकट शिरूरच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि डॉक्टरांनी बघेपर्यंत तिथून हलू नका. मग मला तळेगाव ढमढेऱ्याच्या पत्त्यावर एक कार्ड टाका. बरी असेल तर बरी लिहा. नसेल तर तेही लिहा. मला धीर देण्यासाठी काही वाढवून लिहू नका.