विशीच्या मापाने शहात्तरीचे पाय

मी एक जुनी, नसा तपासणारी मशीन आहे. नगरच्या एका दवाखान्यात असते. मित्रांनो, एरवी मी फक्त टिक टिक करते, पण आज मला भयंकर राग आलाय, म्हणून बोलतेच!

मी आले तेव्हा हार, नारळ, पेढे, काय कौतुक माझे! आता माझ्यावर चहाचे कप ठेवतात. तेही चालेल. माझे काम साधे. पोटरीवर बारीक झटका द्यायचा आणि घोट्यामागे तो किती लवकर, किती जोरात पोहोचला, त्याची रेघ पडद्यावर काढायची. पण मला बसवणाऱ्याने माझ्या कपाळावर ‘नॉर्मल’चा तक्ता चिकटवला. तो विशी-तिशीतल्या पोरांचा! आणि बारा वर्षे सत्तरीची माणसे त्याच तक्त्यावर मोजली गेली.

गेल्या सोमवारी अकोले तालुक्यातल्या छबूबाई आल्या. वय शहात्तर. भाताच्या बांधावरून एकदा घसरल्या, एवढेच. पण इथेच नगरजवळ नागापूरला कंपनीत असलेला त्यांचा मुलगा बजरंग हट्टाला पेटला होता.

“आई, नसा खराब निघाल्या तर माझ्या खोलीवरच राहायचं. गावाला एकटी न्हाई सोडणार.”

“कोंबडीवानी डालतोस व्हय रं मला?”

तपासणी करणाऱ्या सुनीलदादांनी झटका दिला. रेघ उशिरा आली, आणि आली तीही बुटकी. दादांनी तक्ता पाहिला आणि लिहून टाकले, ‘नसा खराब.’ त्या बाईला एक शब्द विचारला नाही! छबूबाईंनी तोंडाला पदर लावला. माझ्या तर वायरी पेटायच्या बाकी राहिल्या.

नशीब, सहीआधी नव्यानेच आलेल्या डॉक्टर जयमाला मॅडमनी पायाला हात लावला. “आजी, पाय एवढे गार कसे?”

“तुमी पायाला हात लावनार. मळके कसे देऊ? भाईरच्या नळाखाली चांगले घासून आले.”

मित्रांनो, गार पायात नस हळू चालते! मॅडमनी गरम पाण्याच्या पिशवीने पाय शेकले. पुन्हा झटका. वेग एकदम झकास!

“पण मॅडम, रेघ बुटकीच आहे,” दादांचे बोट तक्त्यावरच.

“अरे, हा तुझ्या वयाच्या पोरांचा तक्ता. या वयात रेघ बुटकी होतेच. धडधाकट म्हाताऱ्यांशी ताडून बघ की!”

मग मॅडमनी छबूबाईंना डोळे मिटायला लावले, पायाच्या बोटांना कापूस लावला. प्रत्येक स्पर्श त्यांनी बिनचूक सांगितला.

“आजार नाही. वय आहे,” मॅडम म्हणाल्या.

छबूबाई टुणकन उठल्या. “ऐकलंस? भातलावनीला ये. बघू, कुनाचे पाय आधी दमत्यात!”

बजरंग ओशाळला. “बरं, उद्याची एसटी बघतो.”

छबूबाई सुटल्या. पण त्यांच्याआधीचे? मी नुसती मोजते हो, निकाल माणसे देतात! माझी धूळ पुसा, वायरी जपा, हे तर आहेच. पण म्हाताऱ्या माणसांना तरुणांच्या मापाने मोजू नका. घरातल्या कुणाला ‘नसा खराब’ म्हणून बसवून ठेवले असेल, तर डॉक्टरांना विचारा, ताडून पाहिले ते कुणाच्या पायांशी?

मॅडमनी जुन्या फायली काढल्या आहेत. सुनीलदादा एकेकाला पुन्हा तपासायला बोलवायला फोन लावताहेत. पहिल्याच आजोबांचा नंबर बंद लागला.

पुन्हा लावा, दादा!