प्रश्नावली समोरच्या बाजूला

पुढच्या दोन रांगा भरल्या होत्या आणि त्यांत ताईंचे एकही माणूस नव्हते. रंगाच्या कारखान्याच्या वाढीवरची सुनावणी अकराची. ताई शाळेच्या सभागृहात साडेदहालाच पोचल्या, तरी कुणीतरी त्यांच्याही आधी येऊन म्हाताऱ्यांना कडेच्या खुर्च्या दिल्या होत्या, लेकुरवाळ्यांना दाराजवळ बसवले होते आणि बोलणाऱ्या माणसाला बरोबर अधिकाऱ्याच्या नजरेसमोर. हातात कागद एकाच्याही नव्हता. मांडणीची पद्धत ताईंचीच होती, फक्त माणसे कारखान्याची होती.

“ताई, इकडे पंख्याखाली बसा ना,” म्हणत प्रश्नावली पुढे आली.

हे नाव तिला ताईंनीच ठेवलेले. नऊ वर्षांपूर्वी ही मुलगी कॉलेजातून तीन महिन्यांसाठी ताईंच्या संस्थेत इंटर्न म्हणून आली आणि पहिल्याच दिवशी विचारती झाली, “आपण ओढ्याच्या बाजूने आहोत, की ओढ्यावरच्या माणसांच्या?” ताईंनी तिला झेरॉक्स काढायला पाठवले होते. ताई स्वतःही तीन महिन्यांसाठीच आल्या होत्या. त्याला आता सव्वीस वर्षे झाली. वहिनी अजून विचारते, “वन्सं, तुमचे तीन महिने भरतात तरी कधी?”

एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालून चाळीसेक मुले गेली. काही मोठ्या संस्थांत गेली, दोघे-तिघे वकील झाले, एक निवडणुकीला उभा राहिला आणि सपाटून आपटला. सगळ्यांकडून त्यांनी एकच गोष्ट घोटून घेतली होती. ज्याच्या अंगावर येते आहे त्यालाच बोलू द्यायचे, आणि कागद न देता. कागदावरचे आपले असते, तोंडातले त्याचे.

“तू इथे नेमकं काय करतेस गं?” ताईंनी विचारले.

“तेच की. कामगारांना बोलतं करते. कारखाना वाढला नाही तर बंद पडणार, ताई. दोनशे माणसं घरी बसतील. त्यांचं कोण ऐकतं?”

“आणि वाढला तर ओढ्यात दुप्पट रंग येईल, त्याचं काय?”

“ते तुमचे लोक सांगतीलच. तेही खरंच आहे.”

हिला चांगले झापावे असे ताईंना वाटले. पण कशाबद्दल, ते सापडेना. धड्यात चूक असती तर कान पकडून दाखवली असती. पोरीला धडा तोंडपाठ होता.

अधिकारी आले. आजच्या नोंदींवर त्यांचा अहवाल जाणार होता आणि वाढीला परवानगी द्यायची की नाही, हे त्यावर ठरणार होते. ताईंनी त्यासाठी सहा महिने ओढ्याकाठचे घर न् घर पालथे घातले होते.

पहिल्यांदा कारखान्याचा भट्टीवाला उठला. बारा वर्षांची नोकरी, दोन मुली, दुसरे काही येत नाही, एवढेच तो बोलला आणि घाम पुसत खाली बसला. ताईंना त्याचे बोलणे आवडले. आवडल्याचे लक्षात आल्यावर त्या स्वतःवरच वैतागल्या.

मग ताईंच्या बाजूच्या धुणंवाल्या मावशी उठल्या. त्यांनी बाह्या वर केल्या. कोपरापर्यंत कातडी सोललेली होती. “हे बघा. पाण्यात हात घातला की आग होते. घातल्याशिवाय तर भागत नाही.”

अधिकाऱ्यांनी पेन उचलले. “म्हणजे वाढीला तुमचा विरोध, असं लिहू?”

मावशींनी मान वळवून भट्टीवाल्याकडे पाहिले. “हा खोटं बोलत नाही हो, साहेब. माझ्याच माडीवर राहतो. त्याची नोकरी गेली तर पोरींची शाळा सुटेल. आणि पाणी असंच राहिलं तर माझे हात जातील. तुम्ही शिकलेली माणसं, काय ते बघा तुम्हीच.” आणि त्या बसल्या.

ताईंनी मावशींना निवडले होते ते हात पाहून. माडीवर कोण राहते, हे विचारायचेच राहून गेले होते. सगळे मुसळ केरात, त्यांच्या मनात आले. मग असेही आले की सव्वीस वर्षांत इतके खरे कुणी बोललेले आपण ऐकलेले नाही. यातले कुठले मनात ठेवावे ते त्यांना कळेना.

कारकुनाने टेबलावर तक्ता मांडला. डावीकडे विरोध, उजवीकडे संमती, आणि आलेल्या प्रत्येकाची सही. प्रश्नावली ताईंजवळ येऊन उभी राहिली.

“ताई, माझं चुकलं का?”

“मला नाही गं माहीत,” ताई म्हणाल्या. असे उत्तर त्यांनी आजवर एकाही इंटर्नला दिले नव्हते. प्रश्नावलीचा चेहरा एवढासा झाला. तिला बोलणी खायची होती आणि तीही मिळाली नाहीत.

ताईंनी विरोधाखाली सही केली. हात सवयीने तिकडेच गेला. मागे मावशी उभ्या होत्या.

“कुठं करू हो, ताई?”

एरवी ताई अशा वेळी जागेवर बोट ठेवत. शेकडो सह्यांच्या जागा त्यांनी अशा दाखवल्या होत्या आणि त्यात कधी काही वावगे वाटले नव्हते. आज बोट उचललेच जाईना. त्यांनी दोन्ही रकाने मावशींना सावकाश वाचून दाखवले, मग पुन्हा एकदा वाचले, आणि पेन त्यांच्या हातात दिले.

मावशी एकदा डाव्या, एकदा उजव्या रकान्यावर बोट नेत राहिल्या. रांगेत कुणीतरी खाकरले.

मावशींनी सोललेल्या हातात पेन नीट धरले आणि त्या तक्त्यावर वाकल्या. सही कुठे होते ते दिसू नये म्हणून ताईंनी तोंड खिडकीकडे फिरवले. शेजारी प्रश्नावलीनेही फिरवले होते.