सार्जंटला सांग

पोटात मध साठवणाऱ्या मधमुंग्या जमिनीतून खणून काढायला मी एकटीच रानात गेले आणि खड्ड्यात पाय मुरगळला. कशीबशी मल्गाच्या झाडापर्यंत खुरडत आले. पाणी संपलेलं, सोबतीला फक्त माझा कुत्रा, सार्जंट.

दुपारी टोयोटा आली. उतरला कोण, तर जावई! आमच्यात सासू-जावई एकमेकांशी बोलत नाहीत, तोंडही बघत नाहीत. वीस वर्षं पाळलंय आम्ही. तो लांबच थांबला आणि पाठ फिरवून म्हणाला, "सार्जंट, म्हातारीला सांग, पाण्याचा कॅन इथे ठेवतोय. पाय दुखावलाय ना तिचा? खड्ड्यापासून पावलं लंगडी उमटलीत."

"सार्जंट, त्याला सांग, मुरगळलाय. आणि म्हातारी कुणाला म्हणतो, तेही विचार!"

हसण्यानं त्याची पाठ हलली. "सार्जंट, सांग, गाडीत मागे चढायला खोकं लावलंय."

घटाघटा पाणी प्यायले, तेव्हा कुठे जिवात जीव आला. मी मागे चढेपर्यंत तो आभाळाकडे बघत उभा होता.

घरी लेक, नोलीन, रडतच धावत आली. "आई! हा काही बोलला का गं तुला?"

"एक शब्द नाही," मी म्हणाले. "लाखात एक जावई आहे."