दशम्यांचं गाठोडं

म्हसवडच्या रथयात्रेला अमृतच्या घरी तीस पाहुणे उतरले होते. अंघोळीला नंबर, चहाला नंबर. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर गोठा गाठावा लागे, अन् तिथंही एक आतेसासरे विडी ओढत बसलेले. म्हणून अमृतनं तलावावर एका रात्रीच्या मुक्कामाला जायचं काढलं, तेव्हा उत्कर्षाला नवऱ्याचं भारी कौतुक वाटलं. तिच्या पिशवीत वडूजच्या कचेरीचं नेमणुकीचं पत्र होतं. सोमवारी संध्याकाळपर्यंत हजर झाली नाही तर नोकरी गेली. सासू म्हणे, यात्रा झाल्यावर बघू. अमृत म्हणे, निवांत बोलू.

काठाला यात्रेकरूंच्या गाड्यांची ही गर्दी. अमृत तिला आटलेल्या तळातून थेट मधल्या टेकाडावर घेऊन गेला. वाडवडील मेंढरांमागं फिरत, त्यांचं जुनं पाल त्यानं दोन काठ्यांवर ताणलं. तलावात कालव्याचं पाणी सोडणार असं ग्रुपवर आलंय, असं तिनं सांगितलं तर तो हसला. माणदेशात पाणी आभाळातनंच येतं, म्हणाला. पत्राचा विषय काढला की मात्र त्याला नेमकी चुलीच्या लाकडांची आठवण होई.

सोमवारी उजाडता ती बाहेर आली. टेकाडाच्या चारी बाजूंनी गढूळ पाणी, अजून चढतच होतं. वर आभाळात ढगाचा ठिपका नाही. मोबाईलला रेंज नाही. अमृत पालातच शांत बसून होता. परवापर्यंत कुणीतरी होडी घेऊन येईल, आधी चार घास खा, असं म्हणत त्यानं गाठोडं पुढं सरकवलं.

तिनं ते सोडलं. भाकरी नव्हत्याच, दुधात मळलेल्या दशम्या होत्या, चांगल्या डझनभर. चार दिवस मेंढरं घेऊन रानात जाणाऱ्यालाच या घरात दशम्या बांधून देत. एका रात्रीच्या वस्तीला भाकरी. हे तिला सासूनंच शिकवलं होतं.

"किती दिवसांचं हाय ह्ये?" तिनं विचारलं.

अमृत म्हणाला, "आई म्हणली, पाणी सुटणारच हाय, तारीख गेली की गप बसंल. मला बी वाटलं, भांडणाबिगर मिटंल."

तीस माणसांच्या घरात तिचा जीव इतका कधी कोंडला नव्हता. ती रडली, हुंदके देऊन रडली. मग उठली, पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओढणीनं डोक्याला बांधलं आणि पालाची पुढची काठी उपटली. पाल अमृतच्या अंगावर बसलं.

"बुडशील गं," तो आतून म्हणाला.

काठीनं तळ चाचपत ती पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं. कमरेला लागलं तेव्हा तिनं एकदाच मागं पाहिलं.

"दशम्या पुरवून खावा," ती म्हणाली, अन् काठी पुढं टेकवली.