ऐंशी डब्यांची जीप

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे आणि माझी गोष्ट मी इंजिन चालू ठेवूनच सांगणार आहे. आवाजाचा त्रास होत असेल तर लांब जाऊ नका, उलट जवळ या. लांबून मी खडखडते, जवळून गुणगुणते.

माझ्याकडे बघून हसलात तरी चालेल. रंग कधीकाळी हिरवा होता. दारं दोन. डावं परवापरवापर्यंत दोरीने बांधलेलं, उजवं लाथ घातल्याशिवाय लागत नाही. डोक्यावर ताडपत्री. पण चारही चाकांना जोर आहे. एक चाक चिखलात रुतलं तर बाकीची तिघं त्याला ओढून काढतात. भावंडांसारखी, कुरकुरत का होईना.

किंमत : ऐंशी डबे

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. पत्रा ठोकला, चाकं बसवली, एका माणसाने बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, "चल, पुढची." जन्माच्या वेळी माझं एवढंच कौतुक झालं.

मला घ्यायला जो आला तो मधमाशा पाळणारा होता. तेव्हा तरुण होता. आता सगळे त्याला आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच म्हणते. आबांनी दुकानात किंमत विचारली, डोळे मिटले, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "म्हणजे ऐंशी डबे."

दुकानदाराला काही कळलं नाही. त्या घरात सगळ्याचा हिशेब मधाच्या डब्यांत चालतो. डबा म्हणजे खांद्यावर घेतला की माणूस एका बाजूला कलतो, एवढा. घरावरचे पत्रे बारा डबे. शिलाई मशीन चार. मुलाचे बूट पाव डबा, आणि ते लवकर फाटले तर "पाव डबा पायदळी तुडवलास!" अशी बोलणी. ऐंशी डबे म्हणजे एका चांगल्या हंगामाचं सगळं पीक. माशांनी अख्खं एक वर्ष माझ्यासाठी राबून काढलं म्हणा ना.

मग मी त्यांच्यासाठी राबले.

फुलं एका जागी थांबत नाहीत. खाली माळावरचा बहर ओसरला की डोंगरमाथ्यावर सुरू होतो. माशांच्या पेट्या उजाडता उजाडता उचलायच्या, माझ्यात रचायच्या, वर ओली पोती टाकायची आणि ऊन तापायच्या आत माथा गाठायचा. रस्ता कसला? दगड, ओढा, दोन्ही बाजूंनी काटेरी झुडपं आणि शेवटी एक असं वळण, की तिथे आबा श्वास रोखायचे आणि मीही.

पेट्यांची दारं आबा बंद करत नसत. बंद केली तर आत माशा गुदमरतात. मग त्या उडून कशा जात नाहीत? तर माझी घरघर. इंजिनाची थरथर पेटीत पोचते आहे तोवर माशा एकमेकींना धरून आत बसतात. थरथर थांबली की त्यांना वाटतं, आला मुक्काम! आणि निघाल्या बाहेर. म्हणून अंगावर पेट्या असताना मला कधीच बंद करायचं नाही. टायर बदलताना नाही, वाटेत कुणी भेटलं तरी नाही. हे त्या घरात कुणी कुणाला शिकवलेलं नाही. जेवायच्या आधी हात धुवावेत, तसं ते अंगवळणी पडलेलं.

किंमत : दीडशे डबे

हंगाम संपला की आबा इस्त्रीचा सदरा घालून शहरातल्या गाड्यांच्या दुकानात जायचे. घ्यायचं काही नसायचं. "भाव विचारायला काय पैसे पडतात?" असं म्हणायचे. मी बाहेर उभी राहून काचेतून माझ्या नव्या बहिणी बघायची. आबा बाहेर आले की माझ्या बॉनेटवर हात ठेवून आकडा सांगायचे. आधी मला, घरच्यांना नंतर.

"दीडशे झाली गं. छत लोखंडी दिलंय."

किंमत : दोनशे साठ डबे

"मऊ खुर्च्या. आणि आत थंड हवा."

किंमत : चारशे दहा डबे

"धडक बसली तर हवेच्या पिशव्या फुगतात म्हणे, आणि माणूस वाचतो." आबांनी माझ्या बॉनेटवर हलकेच थाप मारली. "हे मात्र चांगलं केलं."

चांगलंच केलं, मित्रांनो. आपल्याकडे नाही म्हणून एखाद्या गोष्टीला नावं ठेवू नयेत.

मधाचा भावही वाढत होता, नाही असं नाही. पण मध पायी चालत होता आणि माझ्या बहिणींची किंमत चारही चाकांनी डोंगर चढत होती.

गिऱ्हाइकंही बदलली. पूर्वी दुकानासमोर माझ्या शेजारी धरणावरच्या इंजिनिअरची गाडी असायची, लाकूडवाल्याची, वाड्यावस्त्यांवर फिरणाऱ्या डॉक्टरीणबाईंची. सगळ्या कमरेपर्यंत चिखलात. हळूहळू माझ्या शेजारी इतक्या लखलखीत गाड्या उभ्या राहू लागल्या, की मला माझ्याच चिखलाची लाज वाटायला लागली. त्यातल्या एकीला मी सहज विचारलं, "तुमच्याकडचा डोंगर कसा आहे?"

ती म्हणाली, "कुठला डोंगर?"

किंमत : सहाशे डबे

आबा थकले. माशा सूनबाईंच्या हाती आल्या. आबांचा मुलगा सुतार. तो पेट्या बनवतो, पण माशा जवळ आल्या की चार पावलं मागे सरकतो. सूनबाईंचं तसं नाही. त्या माशांशी बोलतात, आणि माझ्याशीही बोलतात, बहुतेक वेळा ओरडूनच.

कारण मीही थकले होते. माझा दुसरा गिअर टिकत नव्हता. चढावर जोर लागला की खटकन सुटायचा. आणि वर माथ्यावर बहर उमलायला लागला होता.

"अगं, त्या वळणावर गिअर सुटला तर पेट्या खाली आणि तू पेट्यांच्याही खाली!" आबांचा मुलगा म्हणाला.

"मग काय करू? माशांना सांगू, या गं बायांनो चालत?"

"नवी घेऊ."

"सहाशे डबे, अहो! सहाशे!"

नेमका तेव्हाच एक हॉटेलवाला आमच्या अंगणात आला. माझ्याभोवती त्याने दोन फेऱ्या मारल्या. "काय अँटिक पीस आहे!" म्हणाला. मला हॉटेलच्या दारात कायमची उभी करायची आणि मागच्या भागात माती भरून फुलझाडं लावायची, असा त्याचा बेत. त्याने किंमत सांगितली. आबांनी डोळे मिटले, बोटं मोजली.

"दोनशे डबे!"

"नवी होती तेव्हा ऐंशी आणि गंजल्यावर दोनशे?" सूनबाई म्हणाल्या. "आबा, तुम्हीपण थोडे गंजा की!"

"मला कोण घेतंय? माझ्यात फुलझाडंसुद्धा लावता येणार नाहीत."

सगळे हसले. मी नाही हसले. दोनशे माझे आणि बाकीचे हप्त्यांनी, म्हणजे नवी गाडी दारात! आबांच्या मुलाच्या डोळ्यांत ती उभीसुद्धा राहिली होती.

सूनबाई मात्र म्हणाल्या, "गाय घेताना धार काढून बघतात. मी त्या गाडीत आठ पेट्या घालून माथ्यावर जाऊन येते. चढली तर घेऊ आणि हिला देऊन टाकू."

म्हणजे, मित्रांनो, ती चढली की माझ्या पोटात माती.

किंमत : तीच, पण आता दारात उभी

नव्या गाडीबरोबर दुकानातला माणूस आला. कोट नव्हता, पण टाय होता. आबांनी त्याचं नाव लगेच टायवाला ठेवलं. माणूस वाईट नव्हता. पेट्या चढवायला त्याने स्वतः हात लावला, मात्र डोळे मिटून.

उजाडताना आम्ही निघालो. पुढे नवी, सूनबाईंच्या हाती, शेजारी टायवाला. मागे रिकामी मी आणि स्टिअरिंगवर आबांचा मुलगा. खोटं कशाला सांगू? ओढा तिने असा पार केला, जसं कुणी पाटावरून उठावं. माझ्या पोटातलं तेल गार पडलं.

मग काटेरी झुडपं आली. मी त्यांतून आजवर किती वेळा गेले आहे, ते माझ्या अंगावर लिहिलेलं आहे. नवी मात्र थांबली.

तिच्या आतलं बोलणं पुढे घरी इतक्यांदा सांगून झालं की मला ते पाठ आहे.

"काय झालं, मॅडम?"

"काटे आहेत."

"डोंगरासाठीच तर आहे ही गाडी!"

"हो, पण ओरखडा पडला तर? सहाशे डबे आहेत हो!"

"एक ओरखडा काढायला फार तर..." टायवाल्याने मनातल्या मनात आकडा पाहिला आणि तोही काट्यांकडे बघायला लागला.

सूनबाई ब्रेकवर पाय ठेवून विचार करत राहिल्या. आणि ती गाडी होती हुशार. थांबलोय तर तेल कशाला जाळा, म्हणून तिने आपलं इंजिन आपणच बंद केलं. आधीच ती इतकी शांत, की बंद झालेलं कुणाला कळलंच नाही.

घरघर नाही.

थरथर नाही.

आठ पेट्यांना मात्र कळलं.

"मॅडम, एक माशी आत आली आहे."

"एकीचं काय घेऊन बसलात?"

"सात आहेत."

"हलू नका."

"मॅडम, आता मोजता येत नाहीत!"

दोन्ही दारं एकदम उघडली. ज्या काट्यांना भिऊन गाडी थांबली होती, त्याच काट्यांत टायवाला सरळ घुसला.

"पळू नका! स्वस्थ उभे राहा!" सूनबाई ओरडल्या.

"उभाच आहे! अडकलोय!"

आबांचा मुलगा माझ्यात बसून काचेआडून म्हणत होता, "मी येऊ का?" पण उतरत नव्हता.

सूनबाईंनी धूर केला, एकेक पेटी उचलून सावलीत ठेवली आणि मग टायवाल्याला काट्यांतून सोडवलं. त्याचा एक कान वांग्याएवढा झाला होता.

"एक बटण असतं," तो म्हणाला. "दाबलं की इंजिन आपोआप बंद होत नाही."

"मग सांगायचं नाही का?"

"मला काय माहीत माशांना अंगाई लागते!"

सूनबाईंना हसू आलं. "तुमची चूक नाही. हे सांगावं लागतं, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं."

संध्याकाळी माशा आपापल्या पेट्यांत परतल्या. आबांचा मुलगा म्हणाला, "आता बटण दाबून जाऊ."

"बटण गाडीला दाबाल. मला कुठे दाबणार?" सूनबाई म्हणाल्या. "पुन्हा काटे आले की मीच थांबणार. डोंगरावर जायची गाडी, आणि तिला डोंगर लागू नये म्हणून मी जपत बसू? मग माशांना कधी जपू? नवीला बाजूला घ्या आणि चढवा पेट्या हिच्यात."

"आणि गिअर?"

टायवाल्याने टाय सोडून खिशात घातला. "मी धरतो," तो म्हणाला.

मित्रांनो, आजवर मला बऱ्याच जणांनी ढकललं आहे, ओढलं आहे, शिव्या घातल्या आहेत. पण माझ्या गिअरचा दांडा कुणी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलं नव्हतं. आबांचा मुलगा हातात दगड घेऊन मागून चालत होता, घसरले तर चाकाखाली टाकायला. काटे अंगाला खरखरत गेले. कुणी थांबलं नाही.

वळण आलं.

"सुटतोय, मॅडम!"

"धरा! कंपनीची अब्रू तुमच्या हातात आहे!"

गिअर बाहेर रेटत होता, टायवाला आत रेटत होता. माझी मागची चाकं एकदा घसरली. पुढच्यांनी ओढलं. मी किंचाळले असेन, मला आठवत नाही. मग चढ संपला आणि एकदम फुलांचा वास आला.

आठवी पेटी खाली ठेवेपर्यंत कुणी मला बंद केलं नाही.

किंमत : दहा डबे

हातावर मध घेऊन चाटत टायवाला दगडावर बसला होता. "एक सांगू? दुकानात बोलू नका," तो म्हणाला. "आमच्या वर्कशॉपच्या मागे जुन्या जिपांचे भाग पडून आहेत. हिचा गिअरबॉक्स त्यांत मिळेल. बसवून, सगळं धरून..." त्याने डोळे मिटले, बोटं मोजली. "दहा डबे."

घरी आबांना हे सांगितलं तेव्हा ते खूश झाले. गिअरबॉक्ससाठी नव्हे. "डब्यांत बोलला? मग तो आपल्या घरातलाच झाला!" आणि नव्या गाडीबद्दल एवढंच म्हणाले, "चांगली आहे. पण आपल्याला नाकापेक्षा मोती जड."

हॉटेलवाल्याला सूनबाईंनी नाही म्हणून कळवलं. त्याने अडीचशे डब्यांपर्यंत वाढवून पाहिलं. आबांच्या मुलाने एक मोठा सुस्कारा सोडला, आणि दुसऱ्या दिवशी माझं डावं दार दोरीतून सोडवून त्याला लाकडाची नवी चौकट ठोकून दिली. नवा गिअर घट्ट बसतो. जरा जास्तच घट्ट. सूनबाईंना तो टाकायला दोन्ही हात लागतात, आणि मला त्याचं थोडं बरं वाटतं.

माझ्या नव्या बहिणींवर माझा राग नाही. त्यांचे भाव त्यांनी ठरवलेले नाहीत. उलट त्यांची कीव येते. इतक्या महाग झाल्या बिचाऱ्या, की त्यांना कुणी चिखलात खेळायला सोडत नाही.

तुमच्या घरी एखादी जुनी, कामाची वस्तू असेल, तर मित्रांनो, तिचं नुसतं कौतुक करू नका. तिला काम द्या, वेळेवर तेल द्या. आणि धुवायची असेल तर वरून सगळेच धुतात, तुम्ही पाण्याचा पाइप घेऊन जरा खाली वाका. चिखल तिथे बसलेला असतो, आणि गंज तिथूनच चढतो.